मोजमाप कोणाच्या हाती? : शिकागोच्या शाळांचा धडा

शिकागो हे नाव आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना प्रथम कळते ते १८८६ च्या मे महिन्यामुळे. आठ तासांच्या दिवसासाठी त्या शहरात जे रक्त सांडले, त्याचे स्मरण आपण दर १ मेला करतो. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र शाळांच्या शिकागोविषयी. तेथील विद्यापीठातल्या एका संशोधन संस्थेने शाळांच्या कारभाराला पुराव्याची सवय कशी लावली, हा आजचा विषय.

विद्वानाने बोलावा असा हा विषय आमच्यासारख्याने का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. रात्री यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायच्या आणि सकाळी वर्गात बसायचे, हे फार दिवस जमले नाही. हजेरीपटावर आमच्या नावापुढे महिनोन्महिने फुल्या पडत होत्या, पण त्यांची बेरीज कोणी केली नाही. वर्षअखेर नापासाचा शेरा मिळाला आणि आम्ही कायमचे कारखान्यात गेलो. तेथे मोजमापाशी गाठ पडली ती निराळीच. मागाशेजारी घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस जे आकडे टिपी, ते पुढे मजुरी कापण्याच्या कामी येत. तेव्हापासून मोजणाऱ्या माणसाविषयी आमच्या मनात अढी आहे, आणि ती अढी बाळगूनच आम्ही हा इतिहास वाचला.

शिकागोत शाळांविषयीचा विचार जुना आहे. जॉन ड्यूई यांनी तेथील विद्यापीठात १८९६ मध्ये आपली प्रयोगशाळा काढली, म्हणजे प्रयोगाची शाळा. पुढे ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी झाले, हे आपण जाणताच. पण त्याच काळातली दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. १८९७ मध्ये शिकागोच्या प्राथमिक शिक्षिकांनी आपला संघ स्थापन केला. पगारवाढीला पैसा नाही, असे शाळामंडळ म्हणे. तेव्हा मार्गारेट हेली आणि कॅथरिन गॉगिन या दोघी शिक्षिका करांची दप्तरे तपासू लागल्या. ट्राम, गॅस, वीज आणि टेलिफोन यांच्या कंपन्या आपल्या सवलतींवरचा कर भरतच नाहीत, असे त्यांना आढळले. खटला वरपर्यंत गेला आणि १९०१ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षिकांच्या बाजूने निकाल दिला. विद्यापीठाची संस्था निघण्यापूर्वी नव्वद वर्षे, काम करणाऱ्या बायकांनीच पुरावा गोळा केला होता!

आता १९८७ कडे येऊ. त्या वर्षी शिकागोत शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला. देशाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी या शहराच्या शाळांना देशात सर्वांत वाईट ठरविले. पालक चिडले, रस्त्यावर आले, आणि १९८८ मध्ये राज्याने नवा कायदा केला. प्रत्येक शाळेला स्वतःचे मंडळ मिळाले : सहा पालक, वस्तीतले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही या मंडळाकडे आला. अधिकार तर मिळाला. पण शाळा सुधारते आहे की बिघडते आहे, हे ठरवायचे कशावरून? या गरजेतून १९९० मध्ये शिकागो विद्यापीठात अँथनी ब्राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय संशोधनाची संयुक्त संस्था उभी केली.

या संस्थेची घडण ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्या सल्लागार मंडळात शाळाखात्याचे अधिकारी होते, तसेच शिक्षकसंघाचे, मुख्याध्यापकांचे आणि नागरी संस्थांचे प्रतिनिधीही होते. अमुक धोरण स्वीकारा, असे संस्था सांगत नसे. वर्षानुवर्षांच्या नोंदी जपायच्या, प्रश्न सर्वांना विचारून ठरवायचे, निष्कर्ष आधी शाळाखात्याला दाखवायचे आणि मग ते गोड असोत वा कडू, जनतेपुढे मांडायचे, अशी तिची रीत होती.

या रीतीची कसोटी लवकरच लागली. १९९५ मध्ये शाळांचा कारभार महापौरांच्या हाती गेला. १९९६ पासून कडक धोरण सुरू झाले : ठरावीक परीक्षेत उत्तीर्ण न होणारे मूल तिसरी, सहावी आणि आठवी या इयत्तांतून पुढे जाणार नाही. वृत्तपत्रांनी वाहवा केली. संस्थेने मात्र मागे ठेवलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे माग काढला. २००४ मध्ये तिने दाखवून दिले की तिसरीत मागे ठेवल्याने मुलांचा फायदा झाला नाही, आणि सहावीतल्या मुलांची प्रगती तर मंदावली. राज्यकर्त्यांच्या आवडत्या धोरणाविरुद्धचा हा पुरावा होता, आणि तो दडविला गेला नाही.

यानंतरचा भाग आम्ही वाचला तेव्हा पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले, कारण तो नववीचा होता. अमेरिकेत नववी हे माध्यमिक शाळेचे पहिले वर्ष. शिकागोतली कितीतरी मुले शाळा अर्ध्यावर सोडीत. याचे मूळ घरच्या दारिद्र्यात किंवा आधीच्या कच्च्या अभ्यासात आहे, असे सारे धरून चालले होते. एलेन ऑलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये एक साधे माप पुढे ठेवले. नववीत पाच पूर्ण विषयांइतके काम पुरे झाले आणि मुख्य विषयांत एकाहून अधिक सहामाही नापास नाही, तर मूल मार्गावर आहे. अशा मुलांपैकी ८१ टक्के चार वर्षांत शाळा पूर्ण करीत. मार्ग सुटलेल्यांपैकी फक्त २२ टक्के. आठवीच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा हे माप अधिक खरे ठरले.

२००७ मध्ये हजेरीचा हिशेब निघाला. सहामाहीत आठवड्याहून कमी गैरहजर राहणाऱ्यांपैकी ८७ टक्के मुले वेळेवर शाळा पूर्ण करीत. आठवडाभर चुकला की ते प्रमाण ६३ टक्क्यांवर येई. हुशार आणि सामान्य, दोघांनाही हे लागू होते. म्हणजे आमच्या नावापुढच्या फुल्या ज्ञान देत होत्या, वाचणारा मात्र नव्हता.

शिकागोत त्या वाचल्या गेल्या. नववीतल्या मुलांच्या याद्या वर्ष सरण्याच्या आतच शिक्षकांच्या हाती येऊ लागल्या. शिक्षक एकत्र बसत आणि एकेका नावावर बोलत : हा का येत नाही, हिचे गणित कोठे अडले. २००७ मध्ये मार्गावर असलेली मुले ५७ टक्के होती. २०१३ मध्ये ती ८२ टक्के झाली.

येथे आमची अढी पुन्हा जागी होते, आणि व्हावीच. आकड्यावर अधिकाऱ्यांची शाबासकी अवलंबून राहिली की आकडा खोटे बोलू लागतो. शाळा सोडलेल्या कित्येक मुलांची नोंद इतरत्र गेल्याची दाखविली होती, हे पत्रकारांनी उघडकीस आणले, आणि २०१५ मध्ये शिकागोच्या शाळाखात्याला उत्तीर्णांचे आकडे खाली आणावे लागले. जे आकडे शिक्षकाला मूल दाखवितात, तेच वरच्या साहेबाच्या हातात चाबूक होतात.

हा प्रश्न आपल्या दारीही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवण्यास बंदी केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत तशी मुभा राज्यांना दिली, आणि २०२३ मध्ये आपल्या राज्याने तसे नियम केले. ढकलपास असावे की नसावे, यावर आपण चौकाचौकांत भांडतो. पण मागे ठेवलेल्या मुलाचे पाच वर्षांनी काय झाले, हे विचारतो का? शिकागोने ते विचारले, म्हणून त्याला उत्तर मिळाले.

आपल्या कायद्यातही शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आहेत. आपल्यापैकी जे तिच्यावर असतील त्यांना आमची एवढीच विनंती की दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकदा हजेरीपट मागवा आणि फुल्यांची बेरीज करा. ज्यांच्या फुल्या फार, त्यांच्या घरी एकेकाने जावे. जाताना हातात वही असू द्या, घड्याळ नको.