लकव्यानंतरची धग

लकवा मारून वर्ष झाले म्हणजे मेंदूत जे व्हायचे ते होऊन गेले, असे पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या जुन्या घरांतून अजूनही मानले जाते. आम्हीही तेच मानीत होतो.

स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये मेंदूतील 'मायक्रोग्लिया' या रक्षक पेशी वेगळ्या ओळखल्या. पक्षाघातानंतर त्या जागृत होऊन मृत पेशींचा कचरा उचलतात. पण त्यांची धग लांबली तर आसपासचा जिवंत भागही होरपळू शकतो. ही धग जिवंत माणसात पाहण्याची सोय पेट स्कॅनने झाली. जागृत पेशींत टीएसपीओ नावाचे प्रथिन वाढते व पीके-१११९५ हे द्रव्य त्यास चिकटते. त्याला किरणोत्सारी कार्बन-११ जोडून शिरेतून सोडले की कवटी न उघडता धगीची जागा दिसते. पक्षाघाताच्या रुग्णावरील असा प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००० साली पॅपाटा व सहकाऱ्यांनी दाखविले की आघातानंतर २ ते २४ महिन्यांनी, मूळ जखमेपासून दूर असलेल्या थॅलॅमसमध्येही ही धग आढळते. मुळी तुटली तरी संत्र्याची फांदी त्याच दिवशी वाळत नाही, हे आपल्या बागाइतदारांस सांगावयास नको.

कार्बन-११ चे अर्धायुष्य अवघे २० मिनिटांचे. म्हणजे ते तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णालयाच्या दाराशीच हवे. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. १९५६ च्या सीमारेषेने आपल्याला मध्य प्रदेशात ठेवले, तरी आपला रुग्ण नागपूरलाच धावतो. पण कार्बन-११ मुंबईहून नागपुरापर्यंतही टिकणारे नव्हे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे असल्याने ते दुसऱ्या गावी नेता येते. त्यावरची नवी द्रव्ये आली, तर २०१२ पर्यंत निराळीच अडचण उघड झाली: एका जनुकातील फरकामुळे काही माणसांत ती नीट चिकटतच नाहीत.

शिवाय टीएसपीओ इतर पेशींतही असते, आणि चित्रातील चकाकीवरून साफसफाई चालली आहे की नासधूस, हे कळत नाही. म्हणून हे चित्रण अजून संशोधनापुरतेच आहे. घरच्या रुग्णासाठी ते कोणी मागत बसू नये. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत साधारण साडेचार तासांची. ती गाठण्यासाठी नागपूरची गाडी वेळेवर निघाली पाहिजे. ओसरीवरच्या खाटेवर पडलेल्या आजोबांच्या मेंदूत मात्र ती मुदत सरल्यावरही, कित्येक महिने, काहीतरी चालू असू शकते.