पोसायडन कोल्हापुरात, खापरं घारापुरीला आणि आपल्या वाडीत जेसीबी

१९६२ साली सायप्रस बेटावर पाफोस गावाजवळ जमीन सपाट करायचं काम चालू होतं. तिथे मातीखाली जुने अवशेष लागले. पुढे रीतसर उत्खनन झालं आणि रोमन काळातला अख्खा वाडा निघाला. जमिनीवर बारीक रंगीत दगडांचे तुकडे बसवून ग्रीक पुराणातली चित्रं काढलेली. यालाच मोझॅक म्हणतात. आपल्या जुन्या घरांतल्या मोझॅक लाद्यांचं नाव तिकडूनच आलंय, पण नातं नावापुरतंच.

आता हे रायगडकरांना कशाला सांगतोय? तर त्या वाड्यातल्या एका चित्रात मद्याचा देव डायोनिसस रथातून मिरवत निघालाय आणि सोबत काळेसावळे कैदी आहेत. ते कैदी भारतीय. डायोनिससने भारत जिंकला, अशी ग्रीकांची कथा. ट्युनिशियात सूस इथल्या मोझॅकमध्ये तर त्याचा रथ चार वाघ ओढतात. रोमन शेटजी असल्या चित्रांवर बसून जेवायचे.

प्रत्यक्षात जिंकलं-बिंकलं काही नव्हतं. पैसे मोजून माल नेत होते. भारत दरवर्षी किमान ५ कोटी सेस्टर्स आपल्याकडून काढून नेतो, अशी कुरकुर प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलीय. त्याच शतकात एका अनामिक ग्रीकभाषक माणसाने 'पेरिप्लस' नावाचं व्यापाऱ्यांसाठीचं माहितीपुस्तक लिहिलं. त्यात कल्याणनंतर 'सेमुल्ला' येतं. हे आपलं चौल. पुढच्या शतकातला टॉलेमी तर सांगतो, की आम्ही सिमुल्ला म्हणतो ते गाव तिथले लोक 'तिमुल' म्हणतात. कान्हेरीच्या लेखात 'चेमुल' आहे. म्हणजे चौलच्या नावाचा उच्चार कसा करायचा यावर दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात चौकशी चालू होती!

पेरिप्लसमध्ये पुढचं बंदर 'मंदगोरा'. काहीजण ते बाणकोट मानतात, काहीजण राजपुरी खाडीवरचं मांदाड. मला मांदाड जास्त पटतं, कारण शेजारी कुडा लेणी आहेत आणि तिथल्या लेखांत मांदव घराण्याची नावं आहेत. दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीसुद्धा आहे. कऱ्हाडचा माणूस खाडीकाठी दान देतो, तर घाटाखाली त्याचं कामकाज असणारच. घाट चढून कार्ल्याला गेलात तर खांबांवर स्वतःला 'यवन' म्हणवणाऱ्यांनी दान दिल्याचं कोरलेलं दिसेल. बौद्ध लेण्याला दान देणारे यवन. कैदीही नाहीत, विजेतेही नाहीत.

आणि देव? तेही आले. १९४०च्या दशकात कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर काशाची छोटी मूर्ती मिळाली, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. तिथल्याच वस्तूंत पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची आकृती असलेली धातूची चकतीही आहे. समुद्रातल्या राक्षसापासून राजकन्येला सोडवणारा तो वीर. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन पाहता येतो. समुद्राचा देव घाटावर, आणि समुद्रकाठचे आपण रिकामे.

अगदीच रिकामे नाही म्हणा. घारापुरीच्या मोराबंदराजवळ अँफोरा मिळालेत, म्हणजे भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल घेऊन येणाऱ्या रांजणांची खापरं. लेणी बघायला रोज बोटी भरून माणसं जातात, त्यातल्या किती जणांना हे माहीत असतं?

माझी खरी काळजी वेगळीच. चौल-रेवदंड्यापासून खाली खाडीपर्यंत वाड्या विकल्या जातायत आणि नवा मालक आला की पहिला जेसीबी येतो. पाफोसलाही जमीनच सपाट होत होती. तिथे पुढे शास्त्रीय खोदकाम झालं आणि १९८० साली ती जागा जागतिक वारशात गेली. आपल्याकडे खापरं डंपरमधून भरावाला जातात.

१८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या पुरलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. खापराला दहा रुपये कोण देणार, हा प्रश्न आहेच. तरी वाडीत खणताना दोन कान असलेला, खाली निमुळता होत गेलेला जाड रांजण किंवा त्याचा नुसता कान जरी लागला, तर तो जागेवरच राहू द्या, फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा. पोचपावती घ्यायला विसरू नका.