काठ आत की बाहेर

मराठीत कपड्यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि ती वापरताना आपण सहसा चुकत नाही. लुगडं नेसायचं, धोतर नेसायचं. सदरा घालायचा, पोलकं घालायचं. फेटा बांधायचा, टोपी घालायची. शाल पांघरायची, उपरणं घ्यायचं. सुईदोरा लागलेल्या बहुतेक वस्तूंना एकट्या ‘घालणं’वर भागतं, जे कापड अंगावर चढल्यावरच वस्त्र होतं, त्याला मात्र शरीराच्या प्रत्येक भागापाशी निराळं क्रियापद लागतं. अपवादही बोलके आहेत. परकर शिवलेला असूनही नेसला जातो, कारण तो नाडीने कमरेला बांधायचा असतो. पागोटं बांधतात, पण पगडी घालतात, कारण ती पगडबंदाने आधीच बांधून, टाके घालून तयार ठेवलेली असते. हिंदीत साडी आणि कुर्ता दोन्हींना ‘पहनना’ चालून जातं. आपल्याकडे ‘साडी घातली’ म्हटलं, की निदान एक तरी म्हातारं माणूस दुरुस्ती करायला टपलेलं असतं.

या भाषिक काटेकोरपणामागे एक जुनी निवड आहे. ती निवड होती हे आधी नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे शिवणकाम मुसलमानांबरोबर आलं आणि तोवर लोकांना गुंडाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे मत अजूनही आत्मविश्वासाने मांडलं जातं. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा मस्तक नसलेला प्रसिद्ध पुतळा आहे. त्याच्या अंगात गुडघ्याखाली येणारा कोट आणि पायांत जाडजूड बूट आहेत. कनिष्क बाहेरून आलेल्यांच्या वंशातला म्हणून त्याला बाजूला ठेवलं, तरी अजिंठा आहे. तिथल्या भित्तिचित्रांत बाह्यांचे अंगरखे स्पष्ट दिसतात. गंमत अशी, की ते प्रामुख्याने सेवक, दासी आणि परदेशी पाहुण्यांच्या अंगावर आहेत. राजा आणि राणी बहुतेक वेळा गुंडाळलेल्या तलम वस्त्रात. संस्कृतात सुईला शब्द आहे, कंचुकाला शब्द आहे. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय पोशाखावर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं, त्यातही शिवलेले आणि न शिवलेले कपडे शतकानुशतकं शेजारी शेजारी नांदताना दिसतात. म्हणजे सुई घरात होती. तरीही प्रतिष्ठेचं वस्त्र म्हणून बिनशिवणीचं अखंड कापडच राहिलं.

त्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. मागावरून उतरलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी काठ असतो, टोकाला पदर असतो. विणकराने सगळा जीव तिथे ओतलेला असतो. कात्री लावली की तो गेला. शिवाय अखंड कापड कुणा एकाच्या मापाचं नसतं. नऊ वारांचं, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटरचं लुगडं बाई सडसडीत असताना नेसते, सातव्या महिन्यात नेसते, म्हातारपणी वाळून गेल्यावरही नेसते, आणि मग तिची सून नेसते. काष्टा घातला की त्याच कापडात भाताची लावणी होते, विहीर चढता-उतरता येते. कनवटीला पैसे राहतात, ओच्यात शेंगा मावतात. सबंध व्यवस्थेत बटण नाही, टाचणी नाही. विरायला लागलं की लुगड्याची गोधडी होते, मऊ तुकड्यांची बाळाला दुपटी होतात, आणि शेवटी पोतेरं. चांताल बुलांजे या फ्रेंच अभ्यासक बाईंनी भारतभर हिंडून साडी नेसण्याच्या ऐंशीहून अधिक पद्धती नोंदवल्या आणि १९९७ साली त्यांचं सचित्र पुस्तक काढलं. ऐंशी पद्धती, पण वस्तू एकच.

गुंडाळण्याची हीच बुद्धी स्वयंपाकघरातही आहे. पानगीत तांदळाच्या पिठाचा सैलसर गोळा केळीच्या दोन पानांमध्ये दाबून तव्यावर टाकतात. पान करपतं, पीठ करपत नाही, आणि करपलेल्या पानाचा वास तेवढा पिठाला लागतो. कोकणात आणि गोव्यात नागपंचमीला हळदीच्या पानात तांदळाच्या उकडीचा किंवा पिठाचा थर देऊन, त्यात गूळखोबरं भरून पातोळ्या उकडतात. गोव्यातले ख्रिस्ती लोक त्याच पातोळ्या १५ ऑगस्टला, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला करतात. पारशांची पात्रानी मच्छी केळीच्या पानात वाफवलेली असते. या सगळ्यांत पान आपलं काम करून बाजूला होतं. विडा मात्र वेगळा. तिथे वेष्टनच खायचं असतं. आतला कात-चुना-सुपारी हे निमित्त. विडा देऊन पाहुण्याला निरोप द्यायचा आणि विडा उचलून कामगिरी पत्करायची, असे दोन्ही अर्थ त्या एका घडीत मावले.

पानाचा आणखी एक गुण होता, आणि तो चवीपेक्षा जास्त उपयोगी पडला. पान एकदा वापरून फेकता येतं. तांब्याच्या भांड्याला शिवाशिव झाली तर ते घासावं लागे, मातीचं फोडावं लागे. पत्रावळीला असला इतिहास नसतो. पंगतीत कोण कुठे बसणार यावर रणं माजली, पण पानांवर वाद नव्हता. उद्या ती उकिरड्यावर जाणारच होती.

तोच विचार सोवळ्यात आहे. पूजेला, श्राद्धाला, देवाच्या स्वयंपाकाला शिवलेलं वस्त्र चालत नाही. मुकटा किंवा पीतांबर नेसायचा, खांद्यावर उपरणं. कात्री लागलेलं कापड भंगलेलं, अखंड ते शुद्ध. गंमत म्हणजे हजला जाणारा पुरुषही शिवलेले कपडे उतरवून दोन अखंड पांढऱ्या चादरी घेतो, एक कमरेला आणि एक खांद्यावरून. तोही काही काळ बिनशिवणीचाच असतो. कल्पना जवळजवळ तीच, परिणाम नेमका उलटा. सोवळ्यातला माणूस म्हणतो, मला शिवू नका. इहरामातल्या माणसांत श्रीमंत कोण आणि हमाल कोण, हे कपड्यावरून ओळखता येत नाही, आणि तसं येऊ नये हाच तिथे हेतू आहे. कफनाचंही तसंच, पुरुषाला रूढीने तीन कापडं, बाईला पाच, त्यात शिवणकाम नावापुरतं किंवा नाहीच. हिंदूंच्या प्रेतावरही कोरं अखंड कापडच घालतात. जन्मल्या दिवशीचं दुपटं आणि शेवटचं कापड यांच्यामध्येच काय ती शिंप्याची गरज.

म्हणून ‘अखंड वस्त्र म्हणजे समता’ किंवा ‘अखंड वस्त्र म्हणजे कर्मठपणा’ अशी कुठलीच पाटी त्यावर लावता येत नाही. कापड कोरं असतं. अर्थ येतो तो घडी कुठून कुठे जाते त्यावरून. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जपानात आहे. किमोनो शिवलेला असतो, पण अंगाभोवती लपेटूनच नेसावा लागतो, आणि त्याची डावी बाजू उजवीवर यायला हवी. सन ७१९ मध्ये तिथल्या दरबाराने सगळ्या प्रजेला तसा हुकूमच काढला. ही रीत चीनकडून आली होती, आणि उलटी घडी घालणारे ते रानटी, अशी चिनी समजूत होती. जपानात आजही उजवी बाजू डावीवर फक्त प्रेताच्या किमोनोची घालतात. वस्त्र तेच, कापणी तीच. हात चुकला तर जिवंत माणूस मेलेल्यांत जमा.

इतकं सगळं एका घडीवर अवलंबून असेल, तर ज्यांच्या हातात सत्ता आहे ते त्या घडीवर नजर ठेवणारच. आपल्याकडे ही नजर किती बारीक होती हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये वाचायला मिळतं. महार बाईने लुगडं नेसताना त्याचा काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. काठ बाहेर दिसेल असं नेसण्याचा हक्क वरच्या जातीच्या बायकांचा. हा नियम पुन्हा एकदा वाचण्यासारखा आहे. कुणी तिला लुगडं नेसू नको म्हणत नव्हतं. काठाचं नेसू नको असंही नव्हतं. काठ विणलेला होता, विकत घेतलेला होता, अंगावर होता, फक्त दिसायला नको होता. शिवलेल्या कपड्यात असा नियम करायचा तर शिंप्याला गाठावं लागलं असतं. इथे तो रोज सकाळी, स्वतःच्या हाताने, स्वतःविरुद्ध पाळायचा होता. जातीने माणसांकडून करून घेतलेल्या कामांत हे मला फार क्रूर वाटतं, आणि त्यात शारीरिक कष्ट काहीच नाहीत म्हणून ते चटकन ध्यानातही येत नाही.

हाच तिढा दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात जवळजवळ अर्धं शतक चालला. तिथे वरच्यापुढे छाती उघडी ठेवणं हा आदर समजला जाई, आणि नाडार (तेव्हा त्यांना शाणार म्हणत) बायकांना अंगावर वरचं वस्त्र घ्यायची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या बायकांना दिवाण कर्नल मन्रो याच्या काळात कुप्पायम नावाची बंडी घालायची परवानगी मिळाली. पण बायकांना बंडी नको होती. त्यांना नायर बायकांसारखं खांद्यावरून वस्त्र घ्यायचं होतं, आणि भांडण पेटलं ते यावरून. १८२९च्या जाहीरनाम्याने ते नाकारलं. १८५८च्या अखेरीस पुन्हा दंगे उसळले, बाजारात बायकांची वस्त्रं फेडली गेली. शेवटी मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने दबाव आणल्यावर जुलै १८५९मध्ये महाराजांनी नवा जाहीरनामा काढला: नाडार बायकांनी बंडी घालावी, कोळणींसारखं जाडंभरडं कापड गुंडाळावं, किंवा वाटेल त्या रीतीने छाती झाकावी, फक्त वरच्या जातीच्या बायकांसारखी नव्हे. अंग झाकायला हरकत उरली नव्हती. पद्धत मात्र राखीव ठेवली होती. या लढ्याची गोष्ट पुष्कळदा लज्जा आणि अब्रूची म्हणून सांगितली जाते. त्या हुकमातलं हे शेवटचं कलम पाहिलं, की ती तेवढीच नव्हती हे कळतं.

महाडच्या डिसेंबर १९२७च्या परिषदेत काय झालं ते आपण मनुस्मृतीच्या दहनासाठी लक्षात ठेवतो. त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या बायकांपुढे स्वतंत्र भाषण केलं आणि ते बऱ्याच अंशी लुगडी नेसण्याबद्दल होतं. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं, गळ्यातल्या जड माळा, हातभर कथलाचे नाहीतर चांदीचे दागिने, या अस्पृश्यपणाच्या ओळखखुणा आहेत. त्या टाका आणि लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं. परिषदेला साथ देणाऱ्या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या बायकांनी नेसवायला मदत केली. पाण्याचा हक्क मिळायला पुढे कोर्टात दहा वर्षं गेली; मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७चा. लुगड्याला एक रात्र पुरली. कुणाकडे नवं लुगडं मागावं लागलं नाही, कापड तेच होतं. न शिवलेल्या वस्त्रावर बंधन लादणं जितकं सोपं, तितकंच ते मोडणंही सोपं होतं, फक्त कुणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी आहेत. त्या वाचताना या बदलाची खूण पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचलेली दिसते.

वरच्यांची नक्कल करून मुक्ती कशी मिळेल, असा आक्षेप यावर घेता येतो आणि घेतलाही गेला आहे. गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारून कपडे उतरवले आणि आंबेडकरांनी सूट चढवला, या जोडीवर तर इतकं लिहून झालंय की त्यात भर घालण्यात अर्थ नाही. पण ज्याला नेसायला सगळं उपलब्ध आहे त्याने कमी नेसणं, आणि जिला काठ दडवायला लावलं आहे तिने तो बाहेर काढणं, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत.

अलीकडे पुण्या-मुंबईत शिवलेली नऊवारी मिळते. आत विजारीसारखा भाग, निऱ्या टाके घालून पक्क्या, कमरेला हूक किंवा नाडी. दोन मिनिटांत तयार. ढोलपथकात, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, मंगळागौरीच्या खेळांत बहुतेक तीच असते, आणि स्कूटर चालवायला ती सोयीची आहे हे मान्य करावं लागतं. दुकानदार विचारतो, ‘ब्राह्मणी, पेशवाई की मस्तानी?’ म्हणजे एकेकाळी ज्या घडीसाठी जात लागे ती आता मापाप्रमाणे शिवून मिळते, आणि पैसे देणाऱ्या कुणालाही मिळते. मुली सांगतात, ‘नऊवारी घातली.’ टपून बसलेलं म्हातारं माणूस ‘अगं, नेसली म्हण’ असं म्हणतं खरं, पण या एका बाबतीत मुलीचंच व्याकरण बरोबर आहे.