एक्सएमएल दस्तऐवजांचे प्रवाही रूपांतरण

प्रचंड आकाराचा एक्सएमएल दस्तऐवज संगणकाच्या स्मृतीत संपूर्णपणे न साठविता, वाचता वाचताच त्याचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करण्याची पद्धती. मजकुराची रचना खुणांनी दर्शविणारी एक्सएमएल ही लेखनपद्धती १९८६ च्या एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकापासून सिद्ध झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये तिची शिफारस केली.

नोव्हेंबर १९९९ मध्ये याच संस्थेने जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली एक्सएसएलटी ही रूपांतरणाची भाषा प्रसिद्ध केली. तिच्यातील नियमाला दस्तऐवजात मागेपुढे कोठेही पाहण्याची मुभा असल्याने संगणक प्रथम सबंध दस्तऐवजाचा वृक्ष स्मृतीत उभारी. प्रत्येक घटकाचे जनक व अपत्ये यांच्याशी असलेले दुवेही साठवावे लागत. त्यामुळे हा वृक्ष मूळ फाइलीच्या कित्येक पट जागा व्यापी. यूटीएफ-८ संकेतनात ‘नांदेड’ या नावास १८, तर ‘लातूर’ या नावास १५ बाइट लागतात. परंतु स्मृतीवरील मुख्य भार अशा अक्षरांचा नसून दुव्यांचा असतो.

डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये तयार झालेली सॅक्स पद्धती दस्तऐवज क्रमाने वाची व घटकाचा आरंभ आणि शेवट आज्ञावलीस कळवी. तीत स्मृती अल्प लागे. मात्र मागचे काय लक्षात ठेवावयाचे, याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर पडे. मायकेल के यांनी संपादित केलेल्या एक्सएसएलटी ३.० (जून २०१७) या आवृत्तीने, कोणता नियम एकाच वाचनात पार पाडता येतो हे आधीच ठरविण्याचे निकष घालून दिले.

उदा., जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने रचलेल्या सूचीत नांदेडचे १६ व लातूरचे १० तालुके आहेत, असे मानू. गावाची नोंद वाचताना त्याच्या तालुक्याचे व जिल्ह्याचे गुणधर्म उपलब्ध असतात. आधीच्या गावाची नोंद मात्र उरत नाही. लोकसंख्येच्या बेरजेसाठी एकच आकडा पुढे नेला की पुरते. गावे अकारविल्हे लावावयाची असल्यास त्यांच्या नोंदी एकत्र हाताशी लागतात. तथापि असा क्रम तालुक्यापुरताच हवा असेल, तर एका वेळी एकाच तालुक्याची प्रत स्मृतीत घेऊन काम भागते. म्हणजे स्मृतीची गरज २६ तालुक्यांच्या एकूण विस्तारावर नव्हे, तर त्यांतील सर्वांत मोठ्या तालुक्यावर अवलंबून राहते. बेरीज सूचीच्या आरंभीच हवी असल्यास मात्र दुसरे वाचन करावे लागते.

अशा रीतीने साधारण संगणकावरही राज्यभराची सूची हाताळणे शक्य होते. त्यासाठी पुढे लागणारी माहिती दस्तऐवजात आधी येईल, अशी रचना मुळातच करणे हितावह ठरते.