कठोरगावचे भास्करबुवा

सुरत जिल्ह्यातील कडोदऱ्याच्या उत्तरेस, कामरेजच्या परिसरात कठोर नावाचे एक गाव आहे. मराठी रंगभूमीला रागदारीचे वैभव मिळवून देणारे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचा जन्म या गावी १८६९ साली झाला. मराठी संगीताचा एक थोर शिल्पकार गुजरातच्या भूमीत जन्मावा, ही गोष्ट विसरण्याजोगी खचित नाही.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदांच्या चाली प्रामुख्याने साकी, दिंडी, कीर्तन अशा परिचित वळणांच्या होत्या. पुढे याच किर्लोस्कर मंडळीत भास्कर बालनट म्हणून दाखल झाला. परंतु वयात येताच त्याचा आवाज फुटला, आणि ज्या गळ्यासाठी मंडळीत मान होता, तो गळाच पारखा झाला. दुसरा एखादा खचून गेला असता. भास्करने मात्र रंगभूमी सोडून विद्येची कास धरली. बडोद्यास फैज महंमदखाँ, नंतर आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ, अशा तीन थोर गुरूंची गायकी त्यांनी परिश्रमपूर्वक आत्मसात केली. घराण्यांच्या भिंती कडक असण्याच्या त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती.

रंगभूमीने दूर लोटलेला हा गायक गुरू होऊन तिच्याकडे परतला. त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली बुवांच्या होत्या. ख्यालाच्या बंदिशींचा डौल त्यांनी मराठी पदांत उतरविला. यमन, भीमपलास यांसारखे राग मैफलीची पायरी उतरून सामान्य प्रेक्षकाच्या ओठी आले. गाण्याच्या भराने नाट्य मागे पडते, असा आक्षेप संगीत नाटकावर घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि ज्यांना मैफलीचे दार कधीच उघडले नसते, अशा सहस्रावधी लोकांचे कान याच पदांनी तयार केले, हेही तितकेच खरे.

पुण्यात १९११ साली बुवांच्या पुढाकाराने सुरू झालेली गायनशाळा पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्धीस आली. मास्तर कृष्णराव हे त्यांचे दुसरे नामवंत शिष्य. ८ एप्रिल १९२२ रोजी बुवा निवर्तले. गमावलेल्या आवाजाची भरपाई त्यांनी केवळ स्वतःच्या गळ्याने केली नाही. शिष्यांच्या कंठांतूनही केली.