पायापासून आढ्यापर्यंत : रत्नागिरीतील घरखरेदी आणि घराची पारख

घर विकत घेण्यापूर्वी तज्ज्ञाकडून त्याची पायापासून आढ्यापर्यंत तपासणी करून घेणे, हा स्वतंत्र व्यवसाय अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि १९७६ मध्ये तेथील घरतपासनिसांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रत्नागिरीत असा व्यवसाय नावारूपाला आला नाही. परंतु त्यावरून येथे घरे तपासली जात नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. येथील घराची पारख दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर होत असे, तर खरेदीच्या वेळी मुख्य कसोटी लागे ती घराखालच्या जमिनीवरील हक्काची. यांतील पहिली परंपरा क्षीण झाली आणि दुसरी कायद्याच्या आधाराने बळकट झाली, ही रत्नागिरीच्या घरखरेदीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घडामोड होय.

जागा पारखूनच घर बांधावे, हा विचार भारतीय परंपरेत जुना आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकातील ग्रंथात, वास्तुविद्येच्या प्रकरणात मातीची एक साधी परीक्षा दिलेली आहे : हातभर खोल खड्डा खणावा आणि काढलेली माती पुन्हा त्यातच भरावी, माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम आणि कमी पडली तर वर्ज्य समजावी. या कसोटीत जमिनीचा घट्टपणा अजमावला जातो. रत्नागिरीत मात्र पायाखाली बहुधा कातळ किंवा जांभ्याचा थर असल्यामुळे पारखणाऱ्याची दृष्टी मातीपेक्षा पाण्याकडे अधिक लागलेली असे.

त्याचे कारण येथील हवामानात आणि दगडात आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भिंतींसाठी वापरला जाणारा जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र, तांबूस दगड असून तो खाणीत असताना मऊ असतो, हत्याराने चिऱ्याच्या आकारात कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारमधील अशाच दगडाचे हे वैशिष्ट्य नोंदवलेले आहे. हा दगड टिकाऊ असला तरी पाणी शोषतो. म्हणून जोते, म्हणजे जमिनीपासून उचललेला घराचा चौथरा, उंच ठेवणे, छपराचे पाखे उतरते करणे आणि वळचण भिंतीच्या बाहेर बरीच पुढे काढणे, हे येथील बांधकामाचे पायाभूत नियम ठरले. रत्नागिरीच्या टिळक आळीतील लोकमान्य टिळकांचे १८५६ सालचे जन्मस्थान आज राज्य संरक्षित स्मारक म्हणून जपलेले आहे. कौलारू उतरते छप्पर आणि जांभ्याच्या भिंती यांचा मेळ तेथे आजही पाहता येतो.

अशा घराचे आयुष्य वार्षिक देखभालीवर अवलंबून असे. एप्रिल-मे महिन्यांत कौले परतणे, म्हणजे छपरावरील कौले उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा नीट बसवणे, हे काम गावोगाव चाले. गवताने किंवा पेंढ्याने छावलेली घरे दरवर्षी नव्याने शाकारावी लागत. कौले हलली की खालच्या रिपा, रिपांखालचे वासे आणि सर्वांत वरचे आढे उघडे पडे आणि सुताराला प्रत्येक लाकूड हाताने ठोकून पाहता येई. भरीव आवाज आला तर लाकूड शाबूत आणि पोकळ आवाज आला तर आतून वाळवीने किंवा भुंग्याने पोखरलेले, हे तो जाणत असे. भिंतीला कोठे ओल धरली आहे, पागोळ्यांचे पाणी जोत्याकडे वळते आहे काय, पश्चिमेच्या भिंतीला पावसाच्या झडीपासून आडोसा कसा करायचा, याचा निर्णयही त्याच वेळी होई. चुलीचा धूर लाकडाला लागत राहिल्याने किडीला आळा बसे, त्यामुळे नांदते घर आपोआपच काही अंशी राखले जाई. घराचा दोष मालकाला, सुताराला आणि शेजाऱ्यालाही ठाऊक असल्यामुळे विक्रीच्या वेळी वेगळ्या तपासणीची निकड फारशी भासत नसे.

खरेदीदाराची खरी चिंता वेगळीच होती. कोकणात खोती पद्धत रुजलेली होती. खोत हा सरकारचा महसूल गोळा करणारा वतनदार असून गावातील जमिनीवर त्याचे व्यापक हक्क असत. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि जमीन कसणारे यांचे परस्परसंबंध नोंदवून निश्चित करण्याचा प्रयत्न केला, आणि १९४९ च्या कायद्याने ही पद्धत रद्द केली. या दीर्घ काळात घर विकत घेणाऱ्याला जमीन नेमकी कोणाची, तीवर भाऊबंदांचा वाटा किती आणि येण्याजाण्याची पाखाडी वहिवाटीची आहे काय, हे प्रश्न आधी सोडवावे लागत. जुन्या दस्तांत चतुःसीमा काळजीपूर्वक लिहिलेल्या असत आणि जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मालमत्ता दिल्याचे सांगणारी परंपरागत शब्दावली येई. मात्र वाशांची किंवा भिंतींची स्थिती सांगण्याची तशी रीत नव्हती.

ब्रिटिश कायद्याने हीच दिशा पुढे नेली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला आणि शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी असे ठरले. त्यातून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदींचा शोध घेण्याची प्रथा पक्की झाली. सातबारा, मिळकतपत्रिका आणि मागील तीस वर्षांचा शोध अहवाल पाहिल्याखेरीज आज सहसा कोणी व्यवहार करीत नाही. याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये घराच्या दोषांचाही विचार आहे. उलट करार नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला शोधता न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणे, हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. याचा दुसरा अर्थ असा की, सामान्य काळजीने दिसू शकणारा दोष खरेदीदाराने पाहिला नाही, तर त्याचा भार बहुधा त्याच्याच शिरावर येतो.

विसाव्या शतकात घराचे शरीरच बदलले. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर यंत्रावर घडवलेली मंगलोरी कौले हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. पुढे सिमेंटचा स्लॅब आला. कौलारू घराचा सांगाडा डोळ्यांसमोर असतो, तर स्लॅबमधील लोखंडी सळ्या काँक्रीटच्या आत दडलेल्या असतात. समुद्राची खारी हवा आणि झिरपणारे पाणी सळ्यांपर्यंत पोचले की त्या गंजतात, गंजताना फुगतात आणि भोवतालचे काँक्रीट फोडतात; न धुतलेली खाडीची वाळू वापरली असेल तर तिच्यातील मीठ हीच क्रिया आतून सुरू करते. त्यावर नवा गिलावा आणि रंग चढवला की महिनाभरात सारे झाकले जाते. दुसरीकडे चाकरमान्यांची कुटुंबे मुंबईत स्थिरावल्यामुळे अनेक घरे गणपती आणि शिमग्यापुरतीच उघडू लागली. चूल थंडावली, कौले परतणारी माणसे कमी झाली आणि वार्षिक तपासणीची साखळी तुटली.

कायद्याने नव्या इमारतींना काही संरक्षण दिले. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानंतर, २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला रचनेतील किंवा कारागिरीतील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावा असे बंधन घातले. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही, आणि जुन्या घराच्या फेरविक्रीला तर ही हमी मिळतच नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड परिसरातील छपरे उडवली आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. शोध अहवाल निर्वेध असलेली घरेही या आपत्तींतून सुटली नाहीत.

म्हणून रत्नागिरीत घर घेणाऱ्याने वकिलाइतकेच महत्त्व बांधकाम अभियंत्याला आणि जाणत्या सुताराला दिले पाहिजे. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार तारणाची किंमत ठरवतो. घराच्या प्रकृतीची सविस्तर तपासणी हे त्याचे मुख्य काम नसते. घर शक्यतो जुलैच्या पावसात एकदा आणि विहिरीचा तळ कळेल अशा मे महिन्यात एकदा पाहावे, माळ्यावर चढून वासे ठोकावेत, स्लॅबखालचे डाग आणि भिंतींच्या भेगा अभियंत्याला दाखवाव्यात, पुराची रेषा शेजाऱ्यांना विचारावी आणि अभियंत्याचा लेखी अहवाल हाती आल्यावरच विसार द्यावा. जमिनीचा हक्क तपासण्याची शिस्त या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे. तीच शिस्त घराच्या भिंतींना आणि छपराला लावणे आता प्रत्येक खरेदीदाराचे कर्तव्य आहे.