आजीच्या नथीतला मोती आणि व्हिनेगर

बहरीनमध्ये सनदला राहत असाल, तर तुबलीच्या खाडीकाठची तिवरं तुम्ही पाहिली असतील. या बेटांभोवतीच्या समुद्रातला एखादा मोती कदाचित तुमच्या घरी आधीच पोचलाय, आजीच्या नथीत! आपण त्याला ‘बसरा मोती’ म्हणतो. नाव बसऱ्याचं असलं, तरी आखातातले मोती, बहरीनचेसुद्धा, मुंबईच्या बाजारात याच नावाने ओळखले जायचे.

बहरीनच्या मोत्यांची ख्याती इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवली आहे. क्लिओपात्राची गोष्ट त्याच ग्रंथात येते: पैज जिंकायला तिने एक मोठा मोती व्हिनेगरमध्ये विरघळवला आणि पिऊन टाकला. ही थापच, असं बरेच जण म्हणत आले. मग प्रुडन्स जोन्स या अमेरिकी अभ्यासक बाईंनी ते करून पाहिलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. साधारण एक ग्रॅमचा मोती खरंच विरघळला. फक्त त्याला एक-दीड दिवस लागला.

असं का होतं? व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असतं, ते कार्बॉक्सिलिक आम्लांपैकी एक. ही आम्लं तशी सौम्य, पण कार्बोनेट भेटलं की त्याला आपला हायड्रोजन देतात. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यातून कॅल्शियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तयार होतात. लिंबातलं सायट्रिक आणि घामातलं लॅक्टिक आम्लही याच कुळातलं. म्हणून नथ लिंबाने घासू नका; वापरून झाली की मऊ कापडाने पुसून ठेवा. प्रयोग करायचाच असेल, तर अंड्याच्या टरफलावर करा.

आता एक गंमत. जपानचे कल्चर्ड मोतीही कॅल्शियम कार्बोनेटचेच, त्यामुळे व्हिनेगरला दोन्ही सारखे. पण हेच स्वस्त मोती १९२० च्या दशकात बाजारात आले, पाठोपाठ १९२९ ची मंदी आली आणि बहरीनचा धंदा बसला. त्याची झळ सगळ्यात जास्त पाणबुड्यांना लागली. ते ‘नाखुदा’कडून, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या भाषेत नाखव्याकडून, उचल घेऊन बुड्या मारायचे आणि वर्षानुवर्षं कर्जात राहायचे. १९३२ मध्ये तेल लागलं, तेव्हा त्यातले कित्येक जण तिकडे कामाला गेले.

बहरीनमध्ये आजही कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे. फरक ओळखायला तिथे एक्स-रे वापरतात. आजीची नथ कुठली, कधीची, हे मात्र एक्स-रे सांगणार नाही. पुढच्या फोनवर तिलाच विचारा.